मिडी कंट्रोलरवर सॉफ्टवेअर सिंथ वाजवायचा: केबलपासून स्टेजपर्यंत, क्रमाने

कीबोर्ड जोडला, दिवे लागले, सिंथ उघडला, पट्टी दाबली आणि आवाज नाही. मग माणूस ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतो, केबल बदलतो, सिंथमधली दिसेल ती सेटिंग हलवतो, आणि या झटापटीत कधीतरी आवाज येतो. कशामुळे आला ते कळलेलं नसतं, म्हणून पुढच्या वेळी गेला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मिडी कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. तो फक्त निरोप पाठवतो: अमुक क्रमांकाची पट्टी, अमुक जोराने दाबली, आता सोडली. आवाज तयार करतो संगणकातला सिंथ, म्हणजे सूर निर्माण करणारा प्रोग्राम, आणि तो बाहेर पडतो संगणकाच्या ऑडिओतून. म्हणजे रस्ते दोन आहेत. निरोपाचा रस्ता पट्टी, केबल, पोर्ट (निरोप संगणकात शिरतो ते दार), प्रोग्राम असा सिंथपर्यंत जातो. आवाजाचा रस्ता सिंथपासून निघून ऑडिओ ड्रायव्हरमधून हेडफोनपर्यंत येतो. दोन्ही एकाच वेळी तपासायला गेलात की बिघाड कुठे आहे ते कधीच सापडत नाही. आधी आवाजाचा रस्ता पक्का करा, मग निरोपाचा, मग दोन्ही जोडा. पेडल, नॉब, स्केल हे सगळं त्यानंतर.

उदाहरणासाठी विंडोजचा साधा लॅपटॉप, ४९ पट्ट्यांचा यूएसबी कंट्रोलर, सर्ज एक्सटी हा फुकट मिळणारा सिंथ आणि रेकॉर्डिंगसाठी रीपर असं गृहीत धरलं आहे. व्हायटल किंवा डेक्स्ड हे दुसरे सिंथ वापरत असाल तरी क्रम तोच. मॅकवाल्यांना पहिला टप्पा जवळजवळ फुकटात मिळतो, कारण तिथे ऑडिओचा वेगळा ड्रायव्हर शोधावा लागत नाही.

## जोडण्याआधीची तयारी

केबल. कीबोर्डचे दिवे लागले म्हणजे केबल चांगली, असं नाही. मोबाइल चार्ज करण्याच्या काही केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. अशा केबलवर कीबोर्ड झकास उजळतो आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच केबलने फोनमधले फोटो लॅपटॉपवर घेता येतात का ते बघा. येत असतील तर केबल ठीक आहे.

कुठलं भोक. घरातला कॅसिओ किंवा यामाहाचा कीबोर्ड कंट्रोलर म्हणून वापरणार असाल, तर त्याच्या मागे दोन यूएसबी असू शकतात. चपटं लांबट भोक पेन ड्राइव्हसाठी असतं. संगणकाकडे जाणारं जवळजवळ चौकोनी असतं, प्रिंटरला असतं तसं, आणि त्यावर बहुतेक वेळा ‘टू होस्ट’ लिहिलेलं असतं. आपल्याला हे दुसरं हवं.

हब टाळा. निदान पहिल्या जोडणीला कीबोर्ड थेट लॅपटॉपला लावा. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेल्या स्वस्त हबवर माउस, पेन ड्राइव्ह आणि कीबोर्ड एकत्र लावले की वाजवता वाजवता कीबोर्ड गायब होण्याचे प्रकार होतात.

हेडफोन वायरचेच. इथे तडजोड नाही. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज सहज १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा येतो. गाणी ऐकताना ते कळत नाही, पण स्वतः वाजवताना बोट आणि सूर यांची फारकत होते. सेटिंग कितीही बदलल्या तरी हा उशीर जात नाही.

सस्टेन पेडल (सूर लांबवणारं) असेल तर कीबोर्ड बंद असताना लावा आणि चालू करताना त्यावर पाय ठेवू नका. पेडल सुटलेलं असताना संपर्क जोडलेला असतो की तुटलेला, हे बरेच कीबोर्ड सुरू होतानाच ताडून घेतात. त्या क्षणी पाय पडलेला असला की पुढे सगळं उलटं: पाय उचलला की सूर लांबतात, दाबला की तुटतात.

> थांबा. कीबोर्डने सिंथ वाजवायला अजून जाऊ नका. नॉब आणि पॅड (थाप मारायची चौकोनी बटणं) तर अजिबात नकोत.

## टप्पा १: आधी नुसता आवाज

कीबोर्ड काढून ठेवा, या टप्प्यात त्याचं काम नाही.

१. सर्ज एक्सटी बसवताना प्लगइनबरोबर (रीपरसारख्या प्रोग्रामच्या आत चालणारं रूप) त्याचा स्वतंत्र चालणारा प्रोग्रामही बसवता येतो. तो उघडा. रीपर सध्या नको.

२. ऑडिओ आणि मिडी सेटिंगची खिडकी उघडा. आउटपुटमध्ये हेडफोन ज्यात लावले आहेत तेच उपकरण निवडा. एचडीएमआयने टीव्ही किंवा मॉनिटर जोडलेला असेल तर विंडोज बरेचदा तोच निवडून ठेवतं. मग आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे जात राहतो आणि आपण कीबोर्डला शिव्या देत बसतो.

३. आउटपुटशेजारचं ‘टेस्ट’ बटण दाबा. सूर ऐकू आला पाहिजे. आला नाही तर पुढे जाऊ नका.

४. उपकरणाच्या प्रकारात साधं ‘विंडोज ऑडिओ’ असेल तर त्याऐवजी ‘लो लेटन्सी’ (कमी उशीर) किंवा ‘एक्सक्लुझिव्ह’ मोड निवडून बघा. एक्सक्लुझिव्हमध्ये सिंथ ऑडिओचा पूर्ण ताबा घेतो, त्यामुळे ब्राउझरमधलं गाणं बंद पडेल. तो बिघाड नव्हे.

५. आता बफर. संगणक आवाज थेंबाथेंबाने सोडत नाही, ठरावीक नमुन्यांचा गठ्ठा तयार करून एकदम पाठवतो. तो गठ्ठा म्हणजे बफर, आणि मोठा गठ्ठा म्हणजे जास्त उशीर. हिशोब सोपा आहे: बफरला सॅम्पल रेटने, म्हणजे सेकंदाला किती नमुने त्या आकड्याने, भागा. ४८,००० हर्ट्झवर १२८ चा बफर म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, २५६ चा ५.३. ४४,१०० वर ५१२ म्हणजे ११.६ आणि १०२४ म्हणजे २३ च्या पुढे. ड्रायव्हर आपला थोडा उशीर यावर घालतोच.

किती चालतो? एकूण १० मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर बहुतेकांना खटकत नाही. हवेत आवाज तेवढ्या वेळात सुमारे साडेतीन मीटर जातो, म्हणजे स्पीकर खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ठेवल्याइतकाच हा फरक. पॅडसारखे हळू उमलणारे आवाज २० मिलिसेकंदांतही निभावतात. ढोलकी-तबल्याचे नमुने पट्ट्यांवर वाजवणार असाल तर १० सुद्धा जास्त वाटतील.

२५६ पासून सुरुवात करा. कडकड किंवा फटफट ऐकू आली तर ५१२, नसेल तर १२८ वर या. सुरुवातीलाच ३२ वर नेऊन ‘लॅपटॉप जुना झाला’ असा निकाल देऊ नका.

रीपर आणि तत्सम प्रोग्रामसाठी विंडोजवर एएसआयओ (उशीर कमी ठेवणारा ऑडिओ ड्रायव्हर) बरा पडतो. बाहेरचं ऑडिओ इंटरफेस (यूएसबीने जोडायची ऑडिओची पेटी) असेल तर कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर वापरा. नसेल तर एएसआयओ-फोर-ऑल हा फुकट पर्याय आहे. इंटरफेसचा मूळ ड्रायव्हर असताना वर हा टाकणं मात्र दुखणं विकत घेणं आहे.

> तपासणी. टेस्टचा सूर स्वच्छ येतो का? लॅपटॉप चार्जरवर आहे का? बॅटरीवर विंडोज प्रोसेसरचा वेग कमी करतं आणि कडकड सुरू होते. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच पुढे.

## टप्पा २: निरोप पोहोचतो का, हे डोळ्यांनी बघा

हा टप्पा लोक हमखास गाळतात. तो पाच मिनिटांचा आहे आणि नंतरच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सिंथ बंद करा. कीबोर्ड जोडा. मिडीचे संदेश पडद्यावर दाखवणारा एखादा प्रोग्राम उघडा. विंडोजवर मिडी-ऑक्स हा जुना आणि भरवशाचा. ‘प्रोटोकॉल’ नावाचा दुसरा प्रोग्राम विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो. इनपुटमध्ये कीबोर्डचं नाव निवडा आणि मधला सा, म्हणजे कीबोर्डच्या मधली पांढरी एक (इंग्रजीतला सी), दाबा.

पडद्यावर ‘नोट ऑन’, क्रमांक ६० आणि शेजारी १ ते १२७ मधला एक आकडा दिसला पाहिजे. तो आकडा म्हणजे तुम्ही पट्टी किती जोराने मारलीत ते. सोडल्यावर ‘नोट ऑफ’ येईल. काही कीबोर्ड नोट ऑफ न पाठवता जोर शून्य असलेला नोट ऑन पाठवतात. त्याचाही अर्थ ‘सोडली’ असाच.

आता एकेक गोष्ट हलवून बघा:

- हळू आणि जोरात मारल्यावर आकडा बदलतो का? कायम १२७ किंवा १०० येत असेल तर कीबोर्डवर जोर गोठवलेला आहे. ती सेटिंग शोधून काढा.
- पिच व्हील सोडल्यावर ठीक मधल्या आकड्यावर, ८१९२ वर, परत येतं का? नाही आलं तर तुमचा प्रत्येक सूर किंचित बेसुरा लागेल आणि दोष सिंथवर जाईल.
- मॉड्युलेशन व्हील हलवलं की कंट्रोल क्रमांक १ दिसतो का?
- पेडल दाबल्यावर क्रमांक ६४ वर १२७ आणि सोडल्यावर ० येतो का? उलटं येत असेल तर कीबोर्ड बंद करून पायाविना पुन्हा सुरू करा. काही पेडलींच्या पोटाशी बारीक स्विच असतो, त्यानेही हे पालटता येतं.

क्रमांक ६० ऐवजी ४८ किंवा ७२ आला तर ऑक्टेव्हचं बटण दाबलं गेलंय. ४९ पट्ट्यांचा कीबोर्ड मूळ जागी असताना ३६ ते ८४ पाठवतो, ६१ चा ३६ ते ९६. बऱ्याच कंट्रोलरवर ऑक्टेव्हची दोन्ही बटणं एकदम दाबली की मूळ जागा परत मिळते. जाता जाता: याच साठाव्या क्रमांकाला काही कंपन्या सी-३ म्हणतात, काही सी-४. व्हिडिओत सांगितलेला सूर आणि तुमचा सूर यांत सप्तकाचा फरक पडला तर बहुतेक वेळा कारण हे असतं.

काहीच दिसत नसेल तर या क्रमाने जा: दुसरी केबल, दुसरं यूएसबी भोक, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’खाली कीबोर्डचं नाव. तिथे नाव आहे पण संदेश नाहीत, तर बहुधा चुकीचं पोर्ट निवडलंय. नोव्हेशनच्या लाँचकीसारखे कीबोर्ड दोन पोर्ट दाखवतात. एकावर पट्ट्यांचे निरोप येतात, दुसरं रेकॉर्डिंग प्रोग्रामच्या प्ले-स्टॉप बटणांसाठी असतं. दुसऱ्यावर कितीही पट्ट्या आपटा, नोट येणार नाही.

> सावधान. काम झालं की हा प्रोग्राम बंद करा, नुसता खाली मिनिमाइज करू नका. विंडोजच्या पारंपरिक मिडी व्यवस्थेत एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतं. मिडी-ऑक्स मागे उघडा राहिला तर सिंथला पोर्ट मिळणार नाही, आणि काही सिंथ ते नीट सांगतही नाहीत, नुसते गप्प राहतात. सर्ज स्वतंत्र उघडा आणि रीपरही उघडा, असं केलं तरी तोच प्रकार.

## टप्पा ३: दोन रस्ते जोडा

सर्जचा स्वतंत्र प्रोग्राम पुन्हा उघडा. ऑडिओ-मिडी सेटिंगमध्ये मिडी इनपुटच्या यादीत कीबोर्डच्या नावापुढे खूण करा. ही खूण आपोआप होत नाही. कीबोर्ड सिंथच्या आधी जोडलेला असावा. नंतर जोडला तर काही प्रोग्राम तो बघतच नाहीत, बंद करून उघडावे लागतात.

वाजवा. आवाज आला पाहिजे.

नाही आला तर आता तपासायला फार थोडं उरलंय. सिंथच्या पडद्यावरची पट्टी माउसने दाबा. माउसने वाजतं आणि बोटाने नाही, तर आवाजाचा रस्ता ठीक आणि खूण किंवा पोर्ट चुकलंय. माउसनेही वाजत नाही, तर टप्पा १ मध्ये काहीतरी बदललंय, किंवा निवडलेला पॅच, म्हणजे सिंथमधला तयार आवाज, खूप हळू उमलणारा आहे. दुसरा, साधा पियानो किंवा ऑर्गनचा पॅच घ्या. ‘आवाज येत नाही’ या तक्रारींमध्ये चार सेकंदांनी सुरू होणारे पॅड निघतात, आणि तक्रार करणाऱ्याने पट्टी अर्ध्या सेकंदात सोडलेली असते.

## टप्पा ४: रीपरमध्ये नेताना

स्वतंत्र सिंथ बंद करून रीपर उघडा.

१. कंट्रोल आणि पी दाबून प्रेफरन्सेस उघडा. ऑडिओमध्ये ‘डिव्हाइस’वर जाऊन एएसआयओ निवडा, बफर टप्पा १ मधलाच ठेवा.

२. त्याच खिडकीत मिडी इनपुटच्या यादीत कीबोर्ड चालू करा. तिथे दोन वेगळ्या परवानग्या असतात: एक नुसत्या इनपुटची, दुसरी कंट्रोल संदेशांची. आपल्याला पहिली हवी. दुसरी विनाकारण चालू ठेवली तर नॉब फिरवताना रीपरच्याच एखाद्या कृतीला धक्का लागू शकतो.

३. ट्रॅक मेन्यूमधून ‘इन्सर्ट व्हर्च्युअल इन्स्ट्रुमेंट ऑन न्यू ट्रॅक’ घ्या आणि सर्ज निवडा. हा मार्ग मुद्दाम सांगतोय. साधा ट्रॅक घेऊन सगळं हाताने करायचं तर रेकॉर्डचं लाल बटण, मिडी इनपुट आणि मॉनिटरिंग (वाजवलेलं लगेच ऐकू येणं) ही तिन्ही जागच्या जागी हवीत. एक जरी राहिलं तरी शांतता. या मार्गाने ती बहुतेक आपोआप लागतात.

४. ट्रॅकचं इनपुट बघा: मिडी, तुमचा कीबोर्ड, ‘ऑल चॅनेल्स’. मिडीत १६ चॅनेल असतात. कीबोर्ड पहिल्यावर पाठवतोय आणि ट्रॅक दुसऱ्यावर कान लावून बसलाय, असं होऊ नये म्हणून सुरुवातीला सगळे चॅनेल घ्या.

अडलंच तर ऑल्ट आणि बी दाबून रीपरचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडा आणि ट्रॅकचं इनपुट तात्पुरतं ‘ऑल मिडी इनपुट्स’ करा. तो वाजला, तुमचा नाही, तर दोष प्रेफरन्सेसमध्ये. दोन्ही वाजले नाहीत तर ट्रॅकमध्ये किंवा ऑडिओत.

प्रत्येक सूर दोनदा वाजतोय? जाडसर, पंखा लागल्यासारखा आवाज येतो, तेव्हा एकच निरोप दोन वाटांनी पोचत असतो. कंट्रोलरची दोन्ही पोर्ट चालू असतील तर एक बंद करा. घरातला आवाजवाला कीबोर्ड वापरत असाल तर त्याचा स्वतःचा आवाजही मिसळतोय. त्याच्या सेटिंगमध्ये ‘लोकल कंट्रोल’ बंद करा, म्हणजे पट्ट्या फक्त संगणकाशी बोलतील. बटण सापडलं नाही तर त्याचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, काम तेच होतं.

रेकॉर्ड होतात ते निरोप, आवाज नाही. म्हणून चुकलेला सूर नंतर उचलून जागेवर ठेवता येतो, पॅच बदलता येतो. पक्का आवाज हवा असेल तर शेवटी ‘रेंडर’ करावं लागतं, म्हणजे आवाजाची फाइल तयार होते. रेंडर न करता नुसती प्रोजेक्टची फाइल मित्राला पाठवली आणि त्याच्याकडे तो सिंथ नसेल, तर त्याला काहीही ऐकू येणार नाही.

## टप्पा ५: बोटाचा जोर आणि पेडल

आता आवाज येतोय, पण ‘वाजवल्यासारखं वाटत नाही’. कारण जोराचा आकडा सिंथपर्यंत पोचला तरी त्याचं काय करायचं हे पॅच ठरवतो. काही पॅच तो पूर्ण दुर्लक्षित करतात. व्हायटलमध्ये व्हेलॉसिटीचा, म्हणजे या जोराचा, स्रोत ओढून आवाजाच्या पातळीवर टाकता येतो. डेक्स्डमध्ये प्रत्येक ऑपरेटरची (आवाज घडवणाऱ्या भागाची) जोराची संवेदना वेगळी असते.

उलटही खरं आहे. हार्मोनिअम किंवा ऑर्गनच्या पॅचला जोर लागू करणं चूक. पेटीचा आवाज पट्टी किती जोराने दाबली यावर नसतो, भात्यावर असतो. म्हणून तिथे जोर गोठवा आणि भात्याचं काम मॉड्युलेशन व्हीलला किंवा एक्स्प्रेशन पेडलला द्या. एक्स्प्रेशनचा ठरलेला क्रमांक ११ आहे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा व्हीलवर, ही सवय पेटीवाल्यांना दोन दिवसांत लागते. पियानो शिकलेल्यांना जरा उशिरा.

कीबोर्डवर जोराचे दोन-तीन वळणांचे पर्याय असतात. पट्ट्या कडक असतील तर ‘सॉफ्ट’ घ्या. कीबोर्ड आणि सिंथ दोन्हीकडे एकदम बदल करू नका, नाहीतर कोण काय करतंय ते कळणार नाही.

पेडलचं एक वाक्यात: लांब शेपटीच्या पॅड आवाजांवर ते वापरूच नका, चार सुरांत चिखल होतो.

## टप्पा ६: स्केल, मींड आणि श्रुती

परदेशी व्हिडिओंमध्ये हा भाग सापडत नाही, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

स्केल बदलणं. गायिका म्हणते काळी पाच, गायक म्हणतो काळी दोन, आणि वादकाचा हात पांढरी एकवर बसलेला. कंट्रोलरवर ट्रान्सपोज (सगळे सूर वर-खाली सरकवणं) असतं. पांढरी एक शून्य धरली तर काळी दोन म्हणजे अधिक ३. काळी पाच म्हणजे अधिक १० किंवा उणे २, आणि उणे २ बरं, कारण आवाजाचा पोत कमी बदलतो. ट्रान्सपोज कीबोर्डवर करा किंवा सॉफ्टवेअरमध्ये, पण एकाच ठिकाणी करा. दोन्हीकडे तीन-तीन झालं की तुम्ही काळी दोनऐवजी काळी तीनमध्ये वाजवत असता आणि गायकाचा चेहरा उतरतो. पट्टी दाबलेली असताना ट्रान्सपोज बदलू नका. काही कीबोर्ड मग चुकीच्या क्रमांकाचा ‘सोडली’ निरोप पाठवतात आणि जुना सूर अडकून राहतो.

माझं मत विचाराल तर ट्रान्सपोज सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. सिंथच्या आधी सूर सरकवणारा छोटा मिडी इफेक्ट लावला की किती सरकलंय ते पडद्यावर दिसत राहतं. कीबोर्डवरचा बारका दिवा स्टेजवर दिसत नाही.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. पिच व्हीलची मर्यादा बहुतेक सिंथमध्ये दोन अर्धस्वर ठेवलेली असते. म्हणजे सा वरून व्हील पूर्ण ढकललं की रे. सा ते गंधार जाणारच नाही. सिंथमध्ये ‘बेंड रेंज’ किंवा ‘पिच बेंड’ नावाचा आकडा शोधा. तो सरसकट १२ करू नका. मग व्हील केसभर हललं तरी सूर घसरतो आणि मधल्या सुरावर थांबता येत नाही. ज्या सुरावर पोचायचंय तो व्हीलच्या शेवटच्या टोकाला येईल असा आकडा निवडा: सा ते शुद्ध गंधारासाठी ४, मध्यमासाठी ५, पंचमासाठी ७. टोकाला व्हील आपोआप अडतं, म्हणून सूर दरवेळी बरोबर लागतो.

आता व्हील सोडण्याची गोष्ट. स्प्रिंगमुळे ते झटकन मध्यावर येतं. पट्टी आधी सोडली तरी आवाजाची शेपटी अजून हवेत असते, आणि ती शेपटी व्हीलबरोबर खाली ओढली जाते. मींडीच्या शेवटी ‘टुंईं’ असा रबर सुटल्यासारखा आवाज येतो तो हाच. पॅचचा रिलीज (पट्टी सोडल्यावर आवाज विरायचा वेळ) कमी करा, किंवा शेपटी विरेपर्यंत व्हील धरून ठेवा.

दुसरा मार्ग पट्ट्यांवरचा: पॅच मोनो (एका वेळी एकच सूर) आणि लेगाटो (सूर जोडून) करा, ग्लाइडचा, म्हणजे घसरण्याचा, वेळ वाढवा. मग पहिली पट्टी न सोडता दुसरी दाबली की सूर घसरत जातो, पहिली सोडून दाबली की तुटक येतो. मींड कुठे घ्यायची ते बोटांच्या जोडणीवर ठरतं, व्हीलकडे हात न्यावा लागत नाही. कमतरता एवढीच की घसरण्याचा वेळ ठरलेला असतो, आलापाच्या लयीप्रमाणे तो बदलत नाही.

श्रुती. तानपुऱ्यावर लागणारा शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डचा ४०० वर. चौदा सेंट चढा. तानपुरा सुरू ठेवून वाजवलं की तो बोचतो. सर्जमध्ये स्वरांची स्वतःची जुळवणी करता येते: एससीएल फाइलमध्ये सुरांमधली अंतरं असतात, केबीएम फाइलमध्ये ती कुठल्या पट्टीपासून आणि कुठल्या कंपनसंख्येपासून मोजायची ते.

> सावधान. अशी जुळवणी लावल्यावर वरचं ट्रान्सपोज चालत नाही. ट्रान्सपोज पट्ट्यांचे क्रमांक सरकवतं, पण जुळवणी अजून पांढरी एकलाच सा मानून बसलेली असते. काळी दोनमध्ये गेलात की गंधार-धैवत सगळे भलत्या जागी. त्याऐवजी ट्रान्सपोज शून्य ठेवा, पांढरी एकवरच वाजवा, आणि केबीएम फाइलमध्ये साठाव्या क्रमांकाची कंपनसंख्या बदला. काळी दोनसाठी ती ३११.१३ हर्ट्झ.

दर स्केलची एक फाइल करून ठेवा. बारा फाइल, एकदाच काम.

## टप्पा ७: नॉब, आणि तेही चारच

कंट्रोलरवर आठ नॉब, आठ पॅड, चार फेडर असतात म्हणून पहिल्याच दिवशी सगळे जोडायला जाऊ नका. वाजवताना कुठला काय करतो ते आठवत नाही. फिल्टरचा कटऑफ (आवाज उजळ की दबका), रेझोनन्स (त्याची धार), अ‍ॅटॅक (आवाज उमलायचा वेळ), रिलीज एवढ्या चारांत बराच काळ भागतं.

सिंथमधल्या नॉबवर उजवं क्लिक करा, ‘मिडी लर्न’ किंवा तशा अर्थाचा पर्याय निवडा, मग कंट्रोलरचा नॉब थोडा फिरवा. झालं. त्या क्षणी दुसऱ्या कशालाही हात लावू नका: पेडल दाबलं गेलं तर कटऑफ पेडलला चिकटतो.

कंट्रोलरचा नॉब १ किंवा ६४ क्रमांकावर पाठवत असेल तर तो बदलून घ्या, ते मॉड्युलेशन आणि सस्टेनचे आहेत. १२० आणि त्यापुढचे तर सोडाच, त्यात ‘सगळे आवाज बंद’सारखे हुकूम बसलेले आहेत.

पॅच बदलल्यावर नॉबला हात लावला की आवाज एकदम उडी मारतो, कारण हातातला नॉब एकीकडे आणि पडद्यावरचा दुसरीकडे असतो. कंट्रोलरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये ‘पिकअप’ची सोय असेल तर ती लावा. मग नॉब पडद्यावरच्या जागेवरून गेल्याशिवाय काही बदलत नाही.

> तपासणी. प्रोजेक्ट साठवा, सगळं बंद करा, पुन्हा उघडा. नॉब अजून तेच करतात का? मॅपिंग कुठे साठतं याची प्रत्येक सिंथची रीत वेगळी आहे. हे घरी कळलेलं बरं.

## टप्पा ८: मंडळाच्या स्टेजवर

घरी चाललं म्हणून स्टेजवर चालेल असं नाही. गणपतीतल्या कार्यक्रमांत लॅपटॉपवाल्याची फजिती होते ती बहुतेक तयारीच्या अभावी.

विमानाचा मोड लावा. वाय-फायचा ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसर अडवतो आणि त्या क्षणी आवाज तुटतो. तुमच्या यंत्रावर हे होतं का ते आधीच बघायचं असेल तर लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्राम दहा मिनिटं चालू ठेवा. विंडोज अपडेट थांबवा, झोपेची सेटिंग आणि यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद करा. बफर घरच्यापेक्षा एक पायरी वर घ्या: पाच मिलिसेकंद जास्त चालतील, मधेच कडकड चालणार नाही.

स्पीकरमध्ये घुम्म आवाज येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर जात असेल, तर तो अर्थिंगचा प्रश्न आहे, मिडीचा नाही. हेडफोनच्या भोकातून थेट मिक्सरला जाण्याऐवजी मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) लावा, बहुतेक वेळा जातो.

सूर अडकला तर पट्ट्या बडवत बसू नका. सिंथमध्ये किंवा प्रोग्राममध्ये ‘पॅनिक’ किंवा ‘ऑल नोट्स ऑफ’ असतं. ते कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि जमलं तर एखाद्या पॅडला जोडा.

चालू करण्याचा क्रम: कीबोर्ड लॅपटॉपला, मग लॅपटॉप, मग प्रोग्राम, आणि मिक्सरवरची आपली पट्टी सगळ्यात शेवटी वर. बंद करताना बरोबर उलट. साउंडवाल्याला ‘खाली घे’ म्हणून सांगा, त्याने मान हलवलेली दिसू द्या, मगच केबलला हात लावा.